रिपोर्टातला 'कार्सिनोमा' आणि पोटावरची पिशवी

वाचकाचं पत्र:

"डॉक्टरताई, मी ४७ वर्षांची आहे, सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षं संडासच्या जागेतून अधूनमधून रक्त पडायचं, खाज असायची. मूळव्याध समजून मलमं लावली. गेल्या महिन्यात कोंब काढायचं ऑपरेशन झालं आणि तुकडा तपासायला गेला. रिपोर्टात 'हाय-ग्रेड स्क्वामस इंट्राएपिथेलियल लीजन, एआयएन ३, कार्सिनोमा इन सिटू, नो इन्व्हेजन सीन' असं आहे. दुसऱ्या एका सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, सगळी जागा काढून टाकू, संडाससाठी पोटावर कायमची पिशवी बसेल. पंधरा दिवसांनंतरची तारीखही दिलीय. एक शेजारीण म्हणते, क्षाराचा लेप लावून जळून जाईल. नेटवर वाचलं की हे एका विषाणूमुळे होतं आणि तो शरीरसंबंधातून येतो. तेव्हापासून नवऱ्याशी धड बोलता येत नाही. त्यांना रिपोर्ट दाखवलेला नाही. आठ वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या तोंडावर काहीतरी निघालं म्हणून तिथं जाळलं होतं. ती फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. सासऱ्यांना वीस वर्षांचं भगंदर आहे, त्यांनाही असं होईल का? कृपा करून गावाचं नाव छापू नका."

ताई,

आधी ती तारीख रद्द करा. 'पुढे ढकला' असं मी मुद्दामच म्हणत नाही. ढकललेली तारीख डोक्यावर टांगून राहते आणि माणूस रोज कॅलेंडरकडे बघत बसतो. दवाखान्यात फोन करून एवढंच सांगा, की तुकडा दुसरीकडे तपासून घेतेय, तोवर ऑपरेशन नको. समजूतदार सर्जन यावर रागावत नाही. रागावला, तर तेही उत्तरच समजा.

आता रिपोर्ट. एवढ्या शब्दांमधून तुम्हाला 'कार्सिनोमा' तेवढा दिसला, आणि बहुधा त्या सर्जननाही. पण त्याच्यापुढे 'इन सिटू' आहे. हे लॅटिन आहे, अर्थ 'जागच्या जागी'. गुदमार्ग म्हणजे जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची वाट. तिला आतून पातळ अस्तर असतं. सारवलेल्या जमिनीवर शेणाचा पापुद्रा असतो ना, तसं. तुमच्या त्या पापुद्र्यातल्या पेशी बिघडल्या आहेत, बऱ्याच बिघडल्या आहेत, म्हणून 'हाय-ग्रेड', म्हणून ३. पण त्या पापुद्र्यातच आहेत. खालच्या मातीत उतरलेल्या नाहीत. 'नो इन्व्हेजन सीन' म्हणजे तेच. मातीत उतरल्याशिवाय त्याला कॅन्सर म्हणत नाहीत.

तुमच्या रिपोर्टात एकाच गोष्टीला तीन नावं दिली आहेत. हाच बदल बाहेरच्या कातडीवर दिसला तर त्याला बोवेनचा आजार म्हणायचे, कारण जॉन बोवेन या अमेरिकन डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. पॅथॉलॉजिस्ट बिचारे नवं नाव लिहितात, जुनंही लिहितात, कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून. आणि नेमका जुन्या नावानेच गैरसमज होतो. तीस वर्षं सर्जरी केली, त्यात हे मी किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब ठेवला नाही.

एक मात्र स्वच्छ सांगते. 'आक्रमण दिसलं नाही' हे त्या तुकड्यापुरतं खरं आहे. मूळव्याधीचा कोंब काढताना जे हाती आलं, तेवढंच काचेवर गेलं. बाकीच्या अस्तराकडे त्या नजरेने कोणी पाहिलेलंच नाही. म्हणून पुढचं पाऊल ऑपरेशन नाही, पाहणं आहे.

आणि इथं तुमच्या ट्रंकेतली फाइल येते. 'संबंध नसावा' असं तुम्ही लिहिलंत. संबंध आहे, आणि अगदी जवळचा. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरपूर्व बदल घडवणारा एचपीव्ही नावाचा विषाणू गुदमार्गाच्या अस्तरातही तोच बदल घडवतो. गुदमार्गाच्या स्क्वामस, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींच्या, कॅन्सरपैकी साधारण दहातल्या नवांमध्ये तो सापडतो, आणि त्याच्या शंभराहून अधिक प्रकारांपैकी १६ नंबरचा सगळ्यात जास्त. दोन्ही जागा शेजारी आहेत, कातडी सलग आहे. ज्या बाईला तिथं हाय-ग्रेड बदल होऊन गेला, तिला इथं होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते. तुमच्या मूळव्याधीच्या डॉक्टरांनी हे विचारायला हवं होतं. तुम्हीही सांगितलं नसेल. मूळव्याध दाखवताना गर्भाशयाचा विषय कोण काढतं?

तर पाहायचं कसं. या तपासणीला हाय-रेझोल्यूशन अ‍ॅनोस्कोपी म्हणतात. गर्भाशयाच्या तोंडासाठी तुमची कॉल्पोस्कोपी झाली असेल, तीच पद्धत. छोटी नळी आत सरकवतात, पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, कापसाने लावून काही मिनिटं थांबतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. मग आयोडीन लावतात. चांगलं अस्तर गडद होतं, बिघडलेलं फिकट राहतं. हे सगळं मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली बघतात आणि संशयाच्या प्रत्येक ठिकाणचा चिमूटभर तुकडा घेतात. अडचण एकच, आपल्याकडे ही तपासणी सरावाने करणारे डॉक्टर मोजके आहेत. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा. नाहीच जमलं, तर गुदविकाराचे सर्जन आणि कॉल्पोस्कोपीत हात बसलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून, भूल देऊन, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून तपासणं हाही चालण्यासारखा मार्ग आहे. त्याच वेळी गर्भाशयाचं तोंड, योनी आणि बाहेरची कातडीही पाहून घ्या. जांघेत गाठी लागतात का हे बोटांनी तपासायला सांगा. एचआयव्हीची तपासणीही करायला सांगतील. तो आरोप नसतो. प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा बदल वेगाने पुढे जातो, म्हणून ती सगळ्यांचीच करतात.

आता उपचार. पूर्वी, माझ्या शिकायच्या काळात, असा बदल दिसला की कडेकडेने सगळं अस्तर सोलून काढायचं आणि शेजारची कातडी ओढून शिवायची अशी रीत होती. परिणाम? जागा आकसायची, किंवा संडास रोखून धरता यायची नाही. आणि एवढं करूनही बदल परत उगवायचा, कारण विषाणू काही कापून निघत नाही. ही रीत आता बहुतेकांनी सोडली आहे. आज दिसणारे ठिपके तेवढे नष्ट करतात. सर्वांत जास्त वापरात आहे विजेच्या सुईने जाळणं; जागा बधिर करून, गरजेप्रमाणे दोन-तीन बैठकांत. इन्फ्रारेडने भाजण्याचीही पद्धत आहे. ठिपके थोडे असतील तर ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड काडीने नेमकं लावतात. पसारा मोठा असेल तर आधी मलमांनी तो आवरतात: इमिक्विमॉड, जे त्या जागेची प्रतिकारशक्ती चाळवतं, किंवा फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, म्हणजे केमोत शिरेतून देतात तेच औषध मलमाच्या रूपात. दोन्हींनी आग होते, कातडी सोलवटते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. मधेच सोडून देणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण डॉक्टरांना न सांगता सोडू नका. दिवस कमी-जास्त करून निभावता येतं.

शेजारणीच्या क्षारलेपाबद्दल. क्षारसूत्राला, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याला, माझा विरोध नाही. भगंदरावर त्याचा उपयोग आपल्याच देशात रीतसर तपासला गेला आहे. पण जो भाग दुर्बिणीखाली पाहिलेला नाही, ज्याचा तुकडा घेतलेला नाही, तो अंदाजाने लेप लावून जाळायचा म्हणजे खाली काय होतं याचा पुरावाच जाळायचा. तुम्हाला ते परवडणार नाही.

उपचार करूनही हा बदल परत येतो. पुष्कळदा येतो. तेव्हा घाबरून परत पिशवीकडे धावू नका. परत आला की परत जाळायचा. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी तपासणी, मग डॉक्टर अंतर वाढवतील. रक्तदाबासारखं समजा, की हे सोबत ठेवून सांभाळायचं आहे.

एवढं सगळं करून फायदा होतो का, हा प्रश्न अनेक वर्षं खरोखर उघडा होता. जाळतात सगळे, पण त्याने कॅन्सर टळतो का? अमेरिकेत २५ केंद्रांवर यासाठी 'अँकर' नावाची मोठी चाचणी झाली, कॅलिफोर्नियातले डॉ. जोएल पॅलेफ्स्की यांच्या पुढाकाराने. एचआयव्ही असलेले, पस्तिशी ओलांडलेले, तुमच्यासारखाच हाय-ग्रेड बदल असलेले ४,४०० वर लोक. अर्ध्यांवर उपचार, अर्ध्यांवर फक्त नजर. २०२२ मध्ये निकाल छापून आला: उपचार झालेल्या गटात ९ जणांना कॅन्सर झाला, नुसती नजर ठेवलेल्या गटात २१ जणांना. धोका ५७ टक्क्यांनी घटला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्यांना उपचार देऊ केले गेले. मी हे तुम्हाला दोन कारणांसाठी सांगतेय. एक, उपचार घ्यायलाच हवेत. दुसरं, नुसती नजर ठेवलेल्या गटाकडे बघा: वर्षाला हजारात साधारण चार जण कॅन्सरकडे गेले. ते एचआयव्ही असलेले लोक होते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा स्वतःला चिकटवू नका. पण पंधरा दिवसांत काहीतरी करून टाकलं नाही तर संपलं, अशी ही गोष्ट नाही, हे त्यातून कळतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत नीट तपासून, नीट ठरवून करायचं काम आहे.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री झोप उडवत असेल असा प्रश्न: तपासणीत खरंच कॅन्सर निघाला तर? मग तरी पिशवीच ना?

नाही. आणि याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकापर्यंत गुदमार्गाच्या कॅन्सरला एकच उपचार होता, तुमच्या सर्जननी सुचवला तोच: गुदमार्ग, त्याचे स्नायू, वरचं गुदाशय सगळं काढायचं आणि पोटावर कायमची वाट करायची. अमेरिकेत डेट्रॉइटला नॉर्मन निग्रो नावाचे सर्जन होते. ऑपरेशन सोपं जावं, गाठ थोडी लहान व्हावी एवढ्याच हेतूने त्यांनी आधी थोडा शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो द्यायला सुरुवात केली. १९७४ मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकिगत छापली. दोघांचं ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं, पण काढलेल्या भागात पॅथॉलॉजिस्टला कॅन्सर सापडेचना. तिसऱ्या रुग्णाने ऑपरेशनला साफ नकार दिला, आणि तो रुग्ण ऑपरेशनशिवायच बरा राहिला. म्हणजे मदतनीस म्हणून बोलावलेल्यानेच घरचं सगळं काम उरकून टाकलं होतं. एका सर्जनने आपलंच ऑपरेशन अनावश्यक ठरवावं, असं वैद्यकात फार वेळा घडत नाही. मला निग्रोंबद्दल त्यासाठी आदर आहे.

पुढे मोठ्या चाचण्यांनी तेच पक्कं केलं. आज गुदमार्गाच्या स्क्वामस कॅन्सरचा मुख्य उपचार ऑपरेशन नाहीच. साडेपाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक. सोबत मायटोमायसिन हे औषध आणि फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, किंवा त्याच्याऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. त्रास होतो, गोड बोलून काय उपयोग. शेवटच्या दोन आठवड्यांत बसायच्या जागेची कातडी भाजल्यासारखी होते, जुलाब होतात, लघवीला आग होते. कोमट पाण्याच्या टबात बसणं हाच तेव्हाचा विसावा. बायकांची पाळी जाते, योनी आकसते. त्यासाठी नंतर डायलेटर, म्हणजे वाट रुंद ठेवणारी गुळगुळीत नळी, वापरायला शिकवतात, आणि शिकवलं नाही तर विचारायचं. पण त्रास होतो म्हणून शेकात खंड पाडायचा नाही. मधल्या सुट्टीचा फायदा कॅन्सरला होतो.

आणि इथं पुन्हा घाईचा धोका आहे. शेक संपल्यावर गाठ हळूहळू विरते. ब्रिटनमध्ये ९४० रुग्णांवर झालेल्या 'अ‍ॅक्ट टू' चाचणीत, उपचार सुरू झाल्यापासून अकराव्या आठवड्याला ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती अशा २०९ जणांवर पुढेही नजर ठेवली. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत त्यातल्या १५१ जणांची गाठ काहीही न करता गेली होती. अकराव्या आठवड्यालाच 'गाठ शिल्लक आहे, कापा' म्हटलं असतं, तर दीडशे माणसांना विनाकारण पिशवी बसली असती. म्हणून गाठ वाढत नसेल तर सहा महिने थांबतात. एवढं थांबूनही ती उरली, किंवा जाऊन परत आली, तर मात्र ते मोठं ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा ते जीव वाचवतं, आणि पिशवीसकट माणसं शाळेत शिकवतात, एसटीने फिरतात, लग्नकार्यात वाढपही करतात. पिशवीला मी वाईट म्हणत नाही. तिची वेळ आलेली नाही, एवढंच. याउलट गाठ अगदी लहान, दोन सेंटिमीटरच्या आत आणि बाहेरच्या कडेच्या कातडीवर असेल, तर नुसती ती गाठ काढूनही भागतं.

मग त्या सर्जननी पिशवी का सांगितली? कदाचित त्यांच्या डोक्यात वेगळाच कॅन्सर होता. याच तीन-चार सेंटिमीटरमध्ये वेगवेगळ्या जातीच्या गाठी होतात आणि एकीचा उपचार दुसरीला चालत नाही. दिसायला सगळ्याच मूळव्याध. म्हणून मी कायम भांडत आले, की कोंब कितीही साधा दिसो, काढलेला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. तुमच्या पहिल्या सर्जननी तो पाठवला, त्यांचे आभार माना. पुष्कळ ठिकाणी तो बादलीत जातो.

गुदमार्गातल्या ग्रंथींपासून होणारा अ‍ॅडेनोकार्सिनोमा घ्या. तो नुसत्या शेकाने सहसा जात नाही. त्याला केमो-शेक आणि नंतर ऑपरेशन, बहुधा पिशवीसकट. 'कार्सिनोमा' एवढाच शब्द वाचून कोणी पुढे गेलं तर हा गोंधळ होऊ शकतो. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, आणखी दुर्मिळ आणि फार वाईट. काळा पडलेला कोंब म्हणून येतो, कधी तर काळाही नसतो. त्यात मोठं ऑपरेशन करून आयुष्य वाढत नाही हे कळल्यापासून, शक्य असेल तर गाठ कडांसकट तेवढी काढतात आणि भर इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांवर, देतात. केआयटी जनुकात बदल असेल तर इमॅटिनिब नावाची गोळीही चालते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढणारी एक महाकाय चामखीळ असते, बुश्के आणि लोव्हेनस्टाइन या डॉक्टरांच्या नावाची, एचपीव्हीच्या ६ आणि ११ नंबरांमुळे होणारी. ती लांब पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जाते. तिथं सुरीच लागते.

यातल्या एकीवर जरा थांबते, कारण ती आपल्याकडे हमखास हुकते. पॅजेटचा आजार. स्तनाचा पॅजेट काहींनी ऐकला असेल. तसाच तो गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर होतो. लाल, खाजरा, ओलसर चट्टा. घरात त्याला गजकर्ण म्हणतात, मेडिकलवाला स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब देतो, चार दिवस बरं वाटतं, परत येतं, परत ट्यूब. यात वर्षं जातात. त्या जागेचा कुठलाही चट्टा सहा-आठ आठवड्यांत गेला नाही, तर ट्यूब बदलायची नाही, तुकडा काढायचा. पॅजेट निघाला तर चट्ट्याभोवती ठिकठिकाणचे तुकडे घेऊन तो नेमका कुठवर गेलाय याचा नकाशा करतात, मग कापतात किंवा इमिक्विमॉड लावतात. आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करतात, कारण कधी कधी कातडीवरचा पॅजेट आतल्या कॅन्सरची नुसती सावली असतो.

सासऱ्यांचं. वीस वर्षं भगंदर असणाऱ्या बहुतेक माणसांना कॅन्सर होत नाही. पण फार जुन्या, सतत वाहणाऱ्या भगंदराच्या वाटेत क्वचित अ‍ॅडेनोकार्सिनोमा उगवतो. स्राव एकदम जेलीसारखा चिकट झाला, नवी गाठ हाताला लागली, नेहमीचं नसलेलं दुखणं सुरू झालं, तर एमआरआय आणि वाटेतला खरवडून काढलेला तुकडा, दोन्ही हवं. आणि खरं सांगू का, यातलं काहीही नसलं तरी वीस वर्षं भगंदर वाहू देणं हेच चूक आहे. त्यांना या वर्षी एकदा दाखवाच.

आता नवऱ्याचं. तुम्ही ते पत्रात मधेच दोन ओळींत उरकलंत, पण तेच जास्त दुखतंय असं मला वाटलं.

लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी हा विषाणू लागतो. बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला झटकून टाकतं. काहींमध्ये तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. तुमच्याच शरीरात तो किमान आठ वर्षांपूर्वी होता हे त्या फाइलीवरून दिसतं. त्याच्या आधी दहा वर्षं असेल, वीस असेल. तो कोणाकडून कोणाकडे आणि कधी गेला हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. गुदमार्गात तो पोचायला तिथं संबंध यावा लागतो असंही नाही. म्हणजे या रिपोर्टावरून नवऱ्याच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही, आणि तुमच्याही नाही. तुम्ही स्वतःवरही संशय घेताय की काय, अशी मला शंका आली म्हणून लिहिलं.

मार्शिया क्रॉस या अमेरिकन अभिनेत्रीला गुदमार्गाचा कॅन्सर झाला. तिने तो शेक आणि केमो घेऊन बरा केला आणि २०१९ मध्ये उघडपणे, त्या अवयवाचं नाव घेऊन सांगितला. तिच्या नवऱ्याला त्याआधी काही वर्षं घशाचा कॅन्सर होऊन गेला होता. दोघांचंही मूळ एकाच जातीच्या एचपीव्हीत असावं असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. त्या दोघांनी भांडण केलं असेल-नसेल, मला माहीत नाही. पण तिने ते लपवलं नाही. आपल्याकडे 'स्तनाचा' म्हणायला आपण आता शिकलो. 'गुदद्वाराचा' अजून तोंडातून निघत नाही, म्हणून बायका दोन-दोन वर्षं मलमं लावत बसतात. तुम्हीही बसलात.

घरात मुलं-मुली असतील तर त्यांच्यासाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार नंबरांवर चालते. ९ ते १४ वर्षांत दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. मुलग्यांनाही देता येते. तुमचा झालेला बदल मात्र लसीने जाणार नाही. त्यासाठी कोणी तुम्हाला ती विकत असेल तर घेऊ नका.

कामाचं उरलं. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथं जाऊन 'ब्लॉक आणि स्लाइड' मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा. तो तुमचाच आहे आणि लेखी अर्जावर मिळतो. नुसता रिपोर्टाचा कागद घेऊन गेलात तर कुठलंही मोठं हॉस्पिटल परत पाठवेल. कॅन्सरच्या पॅथॉलॉजिस्टकडून तो पुन्हा वाचून घ्या. पी-१६ नावाचा रंग लावून हाय-ग्रेडची खात्रीही करता येते. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तुमच्या जिल्ह्यातच आहे, सुरुवात तिथं विचारून करा. परळच्या टाटाला जावं लागलंच तर ब्लॉक हातात असला की एक फेरी वाचते. पुढे कधी शेक-केमोची वेळ आली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. एमआरआय आणि पेट स्कॅन आत्ता करू नका. पुन्हा वाचलेल्या तुकड्यात आक्रमण दिसलं तरच त्यांचं काम.

आणि त्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ती जुनी फाइल दाखवावी लागेल, तेव्हा काय जाळलं होतं, कितव्या दर्जाचा बदल होता, नंतरची पॅप तपासणी कधी झाली, सगळं त्यात असेल. ट्रंक माळ्यावर आहे म्हणालात. नुकतंच ऑपरेशन झालंय, एकटीने स्टुलावर चढू नका. नवऱ्याला काढून द्यायला सांगा. कशाला हवीय असं ते विचारतीलच.